ओढण्याची ताकद आणि पेलण्याचा हिशेब

उन्हाळ्याची सुटी लागली की अमेरिकेतील हमरस्त्यांवर एक निराळेच स्थलांतर सुरू होते. पुढे पिकअप ट्रक आणि मागे त्याला जोडलेले चाकांवरचे घर, म्हणजेच कॅम्पर ट्रेलर, अशी जोडी घेऊन असंख्य कुटुंबे राष्ट्रीय उद्यानांकडे, सरोवरांकडे आणि डोंगरांकडे निघतात. करोनाच्या साथीत विमाने आणि हॉटेले ओस पडली तेव्हा या हौसेला उधाण आले. ट्रेलर आणि मोटारघरे मिळून ६ लाख २४० फिरती घरे तेथील कारखान्यांनी २०२१ साली बाजारात पाठविली. हा उच्चांक होता. दोनच वर्षांनी, २०२३ साली, तो आकडा ३ लाख १३ हजारांपर्यंत खाली आला. उधाण ओसरले, पण त्या लाटेत विकली गेलेली घरे काही रस्त्यावरून नाहीशी झाली नाहीत. हौस फिटलेल्या पहिल्या मालकाकडून ती दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हाती जात आहेत. प्रत्येक नव्या मालकापुढे तोच प्रश्न उभा राहतो : आपल्या दारातील पिकअपला हे घर झेपेल काय?

या प्रश्नाचे जे उत्तर त्याला बहुधा मिळते ते एका आकड्याचे असते. गाडीची ओढक्षमता अमुक हजार पौंड, ट्रेलरचे वजन त्याहून कमी, तेव्हा चिंतेचे कारण नाही, असे हे उत्तर. ते सरळसोट खोटे नाही, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे.

ओढक्षमतेच्या आकड्याचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेत पिकअप हे केवळ वाहन नाही. ग्रामीण भागातील पुरुषार्थाचे आणि स्वावलंबनाचे ते प्रतीक मानले जाते. मोटार कंपन्यांच्या नफ्याचाही तो मोठा आधार आहे. त्यामुळे आपली गाडी प्रतिस्पर्ध्याच्या गाडीपेक्षा चार-दोनशे पौंड अधिक ओढते, हे सांगण्याची चढाओढ डेट्रॉइटच्या कंपन्यांत दीर्घकाळ चालली. हा आकडा काढण्याची एकच एक रीत मात्र नव्हती. जो तो आपापल्या कसोटीवर आपली गाडी तपासून घेई आणि आपणच प्रमाणपत्र देई. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी आणि त्यानेच गुण द्यावेत, असा हा प्रकार होता.

मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ साली ‘जे २८०७’ नावाचे एक मानक तयार केले. त्यातील सर्वांत प्रसिद्ध कसोटी अ‍ॅरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या चढाची आहे. कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातून सुमारे १८ किलोमीटर वर चढत जाणारा तो वाळवंटी रस्ता. कडक उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, मागे ट्रेलर लावलेल्या पिकअपने तेथे ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता माथा गाठावयाचा. याशिवाय सपाटीवर वेग किती झपाट्याने घेता येतो, वळणावर गाडी किती स्थिर राहते, चढावर ब्रेक लावला असता ती जागच्या जागी थांबते की नाही, हेही पाहिले जाते. कसोटी उत्तम होती, पण ती स्वीकारणे ऐच्छिक होते. टोयोटा कंपनीने २०११ च्या मॉडेलपासून ती स्वीकारली आणि आपल्या टुंड्रा या गाडीचे जाहीर आकडे कमी करून घेतले. बाकीच्यांनी काय केले? फोर्डने नवे मॉडेल येईपर्यंत थांबावयाचे ठरविले आणि इतरांनीही मग पाय मागे घेतले. आपला आकडा खाली आणि शेजाऱ्याचा वर, हे चित्र कोणत्याच विक्री विभागाला परवडणारे नव्हते. डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांनी आपल्या अर्धा टनी गाड्यांपुरते हे मानक स्वीकारले ते २०१५ च्या मॉडेलपासून. अभियंत्यांनी काढलेला शहाणपणाचा नियम व्यापाऱ्यांच्या गळी उतरण्यास अशी सुमारे सात वर्षे लागली.

चढाओढ त्यानेही थांबली नाही. फोर्डने २०२१ च्या एफ-१५० या गाडीची कमाल ओढक्षमता १४ हजार पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो, असल्याचे जाहीर केले. सव्वादोन-अडीच टनांच्या गाडीने सहा टनांहून अधिक ओझे ओढावे ही अभियांत्रिकीची कमाल आहे, यात शंका नाही. मात्र हा आकडा त्या नावाच्या सर्व गाड्यांचा नसतो. विशिष्ट इंजिन, मागच्या आसाचे विशिष्ट दातेगुणोत्तर, ओढण्यासाठी मुद्दाम घेतलेली जादा सामग्री, एवढे सारे जुळून आलेल्या एखाद्या गाडीचाच तो असतो. जाहिरात त्या गाडीची होते; गिऱ्हाईक मात्र घरी नेते ती चामड्याच्या आसनांची, काचेच्या छपराची, मुलाबाळांसाठी चार दारांची गाडी. या साऱ्या चैनीला वजन असते, आणि ते वजन गाडीच्या वहनक्षमतेतून वजा होते. गमतीची गोष्ट अशी की, एकाच जातीच्या पिकअपमध्ये सर्वांत महागडी गाडी बहुधा सर्वांत कमी ओझे वाहते.

खरी मेख आहे ती या वहनक्षमतेत. ओढणे निराळे आणि पेलणे निराळे. ट्रेलरचे सारे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. त्याचा काही हिस्सा पुढच्या दांडीतून पिकअपच्या पाठीवर येतो. तो दहा ते पंधरा टक्के असावा, असा अमेरिकेतील प्रघात आहे. हा भार, तो तोलण्यासाठी बसविलेला जोड, गाडीतील माणसे, कुत्रे, सायकली, शीतपेटी, सरपण या सर्वांची बेरीज गाडीच्या वहनक्षमतेच्या आत बसावी लागते. ही वहनक्षमता चालकाच्या दारालगतच्या खांबावर एका चिठ्ठीवर छापलेली असते. टायर फुटून झालेल्या अपघातांचे प्रकरण गाजल्यावर २००० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, आणि त्यानंतर सुधारलेल्या नियमांमुळे त्या विशिष्ट गाडीचा आकडा असलेली ही चिठ्ठी आली. माणसे आणि सामान यांचे एकूण वजन अमुक किलोंपेक्षा कदापि अधिक होता कामा नये, एवढेच ती सांगते. दार उघडताना हात जेथे जातो तेथून ती वीतभर अंतरावर असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. एका पिकअपची जाहीर ओढक्षमता ५,००० किलो आहे आणि दारावरच्या चिठ्ठीप्रमाणे वहनक्षमता ६८० किलो. घ्यावयाचा ट्रेलर सामानासकट ३,२०० किलोंचा आहे. विक्रेत्याच्या हिशेबाने १,८०० किलो हातचे राहतात; गिऱ्हाईक खूश. आता दुसरा हिशेब पाहावा. ट्रेलरच्या वजनाचे १३ टक्के, म्हणजे ४१६ किलो, दांडीतून गाडीवर येतात. भार वाटून देणाऱ्या जोडाचे ४० किलो धरले की ६८० पैकी उरतात २२४. नवरा-बायको आणि दोन वाढत्या वयाची मुले गाडीत बसली की हे २२४ किलो संपतात. डब्यात एक पाण्याची बाटलीही ठेवलेली नसताना गाडी भरलेली असते! ज्या गाडीला ओढण्यात १,८०० किलोंची सवड होती, तिला पेलण्यात एका पिशवीचीही उरत नाही. नव्या मानकानेही ही फट बुजविलेली नाही, कारण त्याची कसोटी गाडीत दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसे आहेत आणि दांडीवर दहा टक्केच भार आहे असे गृहीत धरते. चौघांच्या कुटुंबाला ते गृहीत लागू पडत नाही.

मग दांडीवरचा भारच कमी करावा, असे कोणी म्हणेल. सामान ट्रेलरच्या मागच्या भागात हलविले की झाले. हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे, हे ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला सांगावे लागणार नाही. गाडीत ओझे मागे गेले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या हातातून गाडी सुटते. ओझे फार पुढे आले तर बैलांच्या माना दबतात. गाडीवान पोते दोन वितींनी पुढे-मागे सरकवून हा तोल साधत असे. बैलगाडीचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणून चूक झाली तरी फार तर पोती सांडत. ताशी शंभर किलोमीटरला हीच चूक झाली की ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे झुलू लागतो. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो आणि मागचे घर पुढच्या गाडीला हाकू लागते. कडेने जाणारा मोठा ट्रक, एखादा वाऱ्याचा झोत, उतारावर घेतलेला थोडा अधिक वेग, यांपैकी काहीही त्यास निमित्त पुरते. दांडीवर अतिभार झाला तर मागचा आस दबून पुढची चाके हलकी होतात, आणि सुकाणू तर पुढच्याच चाकांना असते. गाडीचे इंजिन किती अश्वशक्तीचे आहे याचा या दोन्ही संकटांशी काडीचाही संबंध नाही.

ट्रेलर बांधणाऱ्यांचा व्यवहार याहून स्वच्छ आहे असे नाही. त्यांच्या पत्रकात ठळकपणे छापलेले असते ते कोरडे वजन. पाण्याची टाकी रिकामी, कपाटे रिकामी, अशा अवस्थेतील हे घर कारखान्याच्या दारापलीकडे कोणीही कधी वापरीत नाही. पाणी लिटरला एक किलो भरते. दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो वाढले. गॅसच्या टाक्या आणि बॅटरी बहुधा दांडीवरच बसविलेल्या असतात, त्यामुळे दांडीवरचा भारही पत्रकातील आकड्यापेक्षा बराच वाढतो. ‘अर्धा टनी गाडीने ओढता येण्याजोगा’ अशी जी चिठ्ठी अनेक ट्रेलरांवर चिकटविलेली दिसते, तिला कायद्यात कोणतीही व्याख्या नाही. मुळात ‘अर्धा टन’ हे नावही आता इतिहासजमा झालेल्या वहनक्षमतेचे आहे. आजच्या त्या नावाच्या गाड्या अर्ध्या टनाहून अधिक वाहतात, आणि किती अधिक, हे प्रत्येक गाडीगणिक बदलते.

अशा वेळी जबाबदार कोण? पिकअपचा कारखानदार सांगतो, मार्गदर्शक पुस्तिका वाचा. ट्रेलरचा कारखानदार सांगतो, आपल्या वाहनाची क्षमता वाहनाच्या कारखानदाराला विचारा. विक्रेता दोघांची पत्रके पुढे ठेवतो आणि ओढक्षमतेच्या आकड्यावर बोट ठेवतो. तिघेही आपापल्या जागी कागदोपत्री निर्दोष आहेत. उरतो तो गिऱ्हाईक. त्याने पाच आकडे पाच ठिकाणांहून गोळा करून त्यांची बेरीज-वजाबाकी करावी, अशी अपेक्षा आहे. तसे करण्याचे शिक्षण त्याला कोणी देत नाही आणि परीक्षाही कोणी घेत नाही. खासगी वापराच्या ट्रेलरसाठी बहुतेक राज्यांत मोटारीचा साधा परवाना पुरतो. म्हणजे ज्याने आयुष्यभर छोटी मोटार चालविली, तो शनिवारी सकाळी नऊ मीटर लांबीचे घर जोडून दुपारी हमरस्त्यावर येऊ शकतो. चूक झाली तर तिची किंमत तो एकटाच देत नाही. समोरून येणारे अनोळखी कुटुंबही देते. हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या शहाणपणापुरता खासगी राहत नाही, तो याच कारणाने.

युरोपने निराळा मार्ग धरला. तेथे गाडीमागे किती वजन लावता येईल याची नोंद नोंदणीपत्रात असते आणि मोटारीचा परवानाही वजनाशी बांधलेला असतो. साडेसातशे किलोंहून जड ट्रेलर असेल तर जोडीचे एकूण कमाल वजन साडेतीन टनांच्या आत हवे. त्यापुढे जादा प्रशिक्षण किंवा परीक्षा. जर्मनीत ट्रेलर लावलेल्या मोटारीला सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. ब्रिटनमधील कॅरॅव्हॅनवाले नवशिक्याला एक सोपा दंडक सांगतात : मागच्या घराचे वजन पुढच्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक असू नये. अमेरिकेत मागचे ओझे पुढच्या गाडीच्या दुप्पट असणे ही अभिमानाची गोष्ट ठरते! न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, अमेरिकी ट्रेलरांना चालकाच्या हाताशी नियंत्रण असलेले विजेचे ब्रेक असतात आणि भार वाटून देणारे जोड तेथे सर्रास वापरले जातात. तेव्हा दोन्हीकडचे आकडे जसेच्या तसे ताडून पाहणे योग्य नव्हे. शिवाय युरोपचेही पाऊल नेहमीच पुढे पडते असे नाही. ब्रिटनने डिसेंबर २०२१ मध्ये ट्रेलरसाठीची स्वतंत्र परीक्षा रद्द केली. ट्रेलर अचानक सुरक्षित झाले, असे काही त्यामागचे कारण नव्हते. मालमोटारचालकांचा तुटवडा पडला होता आणि परीक्षक त्या परीक्षांसाठी मोकळे करावयाचे होते. सुरक्षिततेचा नियम प्रशासनाच्या सोयीपुढे किती लवकर वाकतो, याचा हा नमुना.

अर्धा टनी गाडी झेपत नसेल तर मोठी घ्यावी, हा अमेरिकेतील नेहमीचा सल्ला. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण तेथेही कागदाचा खेळ संपत नाही. भारासकट साडेआठ हजार पौंडांहून अधिक वजनाची मर्यादा असलेल्या गाड्यांना खिडकीवर इंधनाच्या मैलांचा आकडा लावण्याची सक्ती नाही, त्यामुळे ही मोठी गाडी किती पेट्रोल पिणार हे गिऱ्हाइकाला दुकानात कळत नाही. काही राज्यांत दहा हजार पौंडांपुढे नोंदणीचे नियम आणि शुल्क बदलते, म्हणून कंपन्या मजबूत गाडीची मर्यादा कागदावर मुद्दाम बरोबर दहा हजारांवर आणून विकतात. गाडी तीच, स्प्रिंगा त्याच, पण चिठ्ठीवरची वहनक्षमता कमी! चिठ्ठीवरच विश्वास ठेवावा असे ज्या गिऱ्हाइकाला सांगावयाचे, त्यालाच ही चिठ्ठी कधी अभियंत्याने लिहिलेली असते आणि कधी नोंदणी शुल्काने, हेही सांगावे लागते.

विजेवर चालणाऱ्या पिकअपनी या वादावर अनपेक्षित प्रकाश टाकला आहे. ओढण्याच्या जोराला त्यांत तोटा नाही. पण मागे उंच घर लावले की एका भारणीत कापले जाणारे अंतर जवळजवळ निम्म्यावर येते, आणि जड बॅटरीमुळे पेलण्याच्या क्षमतेवर ताण पडतो तो निराळाच. ताकद स्वस्त झाली की ताकदीचा आकडा निरर्थक होत जातो, एवढे तरी आता जाहिरातवाल्यांच्या ध्यानी यावयास हरकत नाही.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या शिगोशीग भरून निघतात. ट्रॅक्टर विकला जातो तो अश्वशक्तीच्या आकड्यावर. ट्रॉल्यांना ब्रेक आहेत का, मागे परावर्तक आहेत का, हे विकत घेताना कोण पाहतो? चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, ही गोष्ट साखरपट्ट्यात कोणालाही ठाऊक आहे. कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन किलोपर्यंत मोजले जाते आणि काटामारीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरतो, कारण तेथे वजन म्हणजे पैसा. तेच वजन रस्त्यावर ट्रॅक्टरला झेपते की नाही, यासाठी मात्र काटा नाही. शिवाय राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. आपल्याकडे स्वतःच्या इंजिनावर चालणारी मोटारघरेच प्रामुख्याने दिसतात. पण उद्या कोणी घाटातून ट्रेलर ओढू लागला, तर त्याच्या दांडीवरचा भार कोणी तपासावा, हे ठरविण्यास आज सवड आहे.

अमेरिकेत यावर उपाय शोधण्यासाठी मोठ्या संशोधनाची गरज नाही. ट्रेलर विकताना गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या गाडीची दारावरची चिठ्ठी पाहावी, भरलेल्या ट्रेलरच्या दांडीचा भार त्यातून वजा करावा आणि माणसांसाठी व सामानासाठी किती किलो उरतात तो एकच आकडा विक्रीपत्रावर लिहून द्यावा, एवढी सक्ती विक्रेत्यावर केली तरी अर्धे काम होईल. ती होण्याची चिन्हे नाहीत. हा आकडा अनेक सौदे मोडील, हे विक्रेत्यांस पक्के ठाऊक आहे. आणि पिकअपवर सरकारने बंधने घालण्याची भाषा ग्रामीण मतदारसंघात कोणत्याही पक्षाला पेलवत नाही. साधने मात्र सारी उपलब्ध आहेत. हमरस्त्यांवरील मालमोटारींच्या थांब्यांवर ठिकठिकाणी वजनकाटे आहेत. थोडक्या डॉलरांत तेथे प्रत्येक आसावरचे वजन छापून मिळते आणि त्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. विक्रेत्याच्या अंगणातून ट्रेलर बाहेर पडताना त्या काट्यावरून जाण्याची सक्ती मात्र कोणावरही नाही.